बिनधुराची हवेली

ही हवेली मी पाहिलेली नाही. तिच्या स्वयंपाकघरात मी उभी राहिलेली नाही, आणि ज्या दिवशी तिथे दूध तापत ठेवले गेले त्या दिवशी हजर असलेल्यांपैकी एकालाही मी भेटलेली नाही. ही कथा मुलांना सांगतात तेव्हा तिच्यातला शेठ शेवटी रडतो आणि सर्वांची क्षमा मागतो. मुले त्यानंतर निश्चिंत होऊन खेळायला जातात. तो रडल्याचा कोणताही पुरावा मला सापडला नाही. म्हणून मी ही कथा त्याला न रडवता सांगणार आहे.

ज्या डोंगरातून पांढरा दगड निघे, त्या डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होते, आणि त्या नगरात एका शेठने स्वतःसाठी हवेली बांधवून घेतली होती. बांधून तयार झालेले घर विकत घेणे त्याला कमीपणाचे वाटे. त्याने तीन वर्षे गवंडी, सुतार आणि पाथरवट राबवले आणि प्रत्येक वस्तू स्वतःच्या मापाने करवून घेतली. पुढे राजधानीत त्याला मोठे पद मिळाले. दसऱ्याला तिथे हजर व्हायचे होते. हवेली विकणे भाग होते आणि दसरा नऊ दिवसांवर आला होता.

त्या नगरात घर विकण्याचा एक रिवाज होता. घराची किंमत मालक ठरवत नसे आणि गिऱ्हाईकही ठरवत नसे; ती पारखी ठरवी. पारख्याने घर पाहावे, किंमत कागदावर लिहावी. पण मुद्रा उठवण्यापूर्वी त्या घरच्या चुलीवर दूध तापत ठेवले जाई. ठेवणाऱ्या हाताने त्या चुलीवर निदान वर्षभर स्वयंपाक केलेला असावा लागे. दूध उतू गेले की मुद्रा उठे. उतू गेले नाही तर मुद्रा नाही, आणि मुद्रेवाचून विक्री नाही. ज्यांनी हा रिवाज घातला ते भाबडे नव्हते. दूध उतू जायला वेळ लागतो. तेवढा वेळ पारख्याला चुलीपाशी उभे राहावे लागे. आणि चुलीपाशी उभ्या राहिलेल्या माणसाला घर कळते.

पुढे रिवाज तसाच राहिला, चूल मात्र जागची हलली. चांगल्या कपड्यांतल्या पारख्यांना आत कशाला न्यायचे, म्हणून कोणा श्रीमंताने चुलीतला विस्तव चांदीच्या शेगडीत घालून दिवाणखान्यात आणवला. विस्तव त्याच चुलीचा, हात तोच, दूध तेच. नियमाचा एक शब्दही मोडला नव्हता. थोड्याच वर्षांत सगळ्या नगरात चांदीच्या शेगड्या झाल्या, आणि पारखी गालिच्यावर बसून दूध उतू जाताना पाहू लागले.

शेठच्या हवेलीला गिऱ्हाईक मिळाले ते परगावचा एक अत्तराचा व्यापारी. बुटका, गोल, बोलका माणूस. त्याने आपल्या खर्चाने नगरातली सर्वांत काटेकोर पारखी बोलावली. ती बाई होती. एकतीस घरांवर तिची मुद्रा होती आणि एकाही घराच्या व्यवहारात पुढे तंटा झाला नव्हता. लोक तिला पारखीबाई म्हणत.

शेठने स्वतः हवेली दाखवली.

"या पायऱ्या पाहा," तो म्हणाला. "सोळा आहेत. प्रत्येकीची उंची माझ्या पावलाच्या मापाने. चढताना मला कधी खाली पाहावे लागत नाही."

शेठ उंच होता. अत्तरवाला नवव्या पायरीवर धापा टाकत उभा राहिला. "शेठजी, हवेली विकताय की तुमचे पाय? सोबत देणार असाल तर आत्ताच सांगा."

वर शयनगृह होते. माघ महिन्यात सूर्य उगवला की पहिला किरण शेठच्या उशीवर पडावा अशा बेताने खिडकी काढली होती. भिंतीत आरसा बसवलेला होता. अत्तरवाल्याने त्यात पाहिले आणि हसू लागला. "मला माझा फेटा तेवढा दिसतोय. खालचं कोणी चोरलं?"

"आरसा माझ्या मापाचा आहे," शेठ म्हणाला. त्याला यात विनोद दिसला नाही.

पारखीबाई प्रत्येक गोष्ट हाताने तपासत होती. सागाचे दार तिने बोटाच्या पेरांनी वाजवले. फरशीवर लोटीभर पाणी ओतून ते कोणीकडे वाहते ते पाहिले. तुळया मोजल्या. सज्जात येऊन तिने घुमटाकडे पाहिले, आणि तिथे तिला मान्य करावे लागले की असे काम तिने पूर्वी पाहिले नव्हते. चुना कवड्यांनी घोटून घोटून असा केला होता, की घुमट दगडाचा नव्हे, सायीचा वाटावा. त्यावर एक डाग नव्हता. बागेतून, रस्त्यावरून, नदीपलीकडून तो तसाच पांढरा दिसे.

"अकरा वर्षांत पुन्हा हात फिरवावा लागलेला नाही," शेठ म्हणाला.

"आणि वास पाहा," अत्तरवाला म्हणाला. त्याने नाक वर करून हवा ओढली. "मी नाकावर पोट भरणारा माणूस. कुठल्याही घरात पाऊल टाकलं की सकाळी काय शिजलं ते सांगतो. या घरात काहीच नाही. ना धूर, ना फोडणी. इथे ठेवलेलं अत्तर इथल्या इथे ओळखू येईल. मी हवेली घेतोय ती या कोऱ्या हवेसाठी आणि त्या घुमटासाठी."

ते जेवणघरात आले. साठ पाट ओळीने मांडलेले होते. भिंती घुमटाइतक्याच पांढऱ्या.

"रोज किती माणसे जेवतात?" पारखीबाईने विचारले.

"साठ. सणावारी शंभर."

तिने ते लिहून घेतले. मग सगळे दिवाणखान्यात येऊन बसले आणि शेठने टाळी वाजवली.

आतल्या बोळातून एक बाई चांदीच्या शेगडीत निखारे घेऊन आली. बोळाला दोन दारे होती. तिच्या मागे दोन्ही बंद झाली. तिने शेगडी गालिच्याच्या कडेला ठेवली, पातेले वर ठेवले, दूध ओतले आणि वाकली. पारखीबाईने नेमके इथे पाहिले, म्हणून ही कथा आहे. दुधावर लक्ष ठेवणारा माणूस पातेल्यात डोळे घालून बसतो. या बाईने पातेल्याशी कान नेला होता.

पारखीबाईने लेखणी खाली ठेवली. "शेठजी, एक गोष्ट मला समजली नाही. साठ माणसांचा स्वयंपाक रोज होतो. लाकडावर होतो?"

"अर्थात लाकडावर."

"भिंतीवर धूर नाही. घुमटावर नाही. हवेत नाही. बाहेरून मी हवेलीला फेरी मारली, धुराडे कुठेच नाही. मग धूर जातो कुठे?"

"जात असेल कुठेतरी," शेठ म्हणाला. "मला त्याचा त्रास नाही."

अत्तरवाला हसला. पारखीबाई हसली नाही. ती उठली आणि त्या बाईला म्हणाली, "विस्तव परत न्या. दूध चुलीवर ठेवू. मी तिथे येते."

"पारखीबाई, तिकडे धूर असतो," शेठ म्हणाला.

"तोच शोधते आहे."

दोन दारे ओलांडून ती आत गेली आणि क्षणभर तिला वाटले की खोलीला भिंतीच नाहीत. मग डोळ्यांतून पाणी वाहू लागले आणि हळूहळू आकार दिसले. छत हात वर केला तर लागेल एवढे खाली होते. भिंतींवर काजळीचे थर असे साचले होते, की बोट टेकवले तर पेर आत जाई. बागेच्या बाजूला एक झरोका होता. तो फळीने बंद केलेला. फळीपलीकडे शेठचा झोपाळा होता. सबंध हवेलीत नसलेला धूर या एका खोलीत होता. सगळाच्या सगळा. अकरा वर्षांचा.

या कथेत कोणालाही नाव नाही, कारण सांगणाऱ्यांना शेठ, पारखी, व्यापारी एवढे पुरते. पण त्या बाईला नाव होते. पारखीबाईने ते विचारले आणि कागदावर लिहिले. तिचे नाव अनसाबाई.

अनसाबाईने चुलीत सरपण सारले, फुंकणीने फुंकर घातली आणि पातेले ठेवले. तिचा उजवा डोळा गारेसारखा पांढरा होता. डाव्यावर बुबुळाच्या कडेने ढगासारखे काहीतरी सरकू लागले होते.

"तुम्ही दारात उभ्या राहा बाई," ती म्हणाली. "लुगडं चांगलं दिसतंय. म्हणजे हाताला चांगलं लागतंय. दिसत नाही मला तेवढं."

"उजवा डोळा कधी गेला?"

"या चुलीपाशी आल्याच्या सातव्या वर्षी. वैद्य म्हणाला, धुरापाशी बसू नका. मी म्हटलं, बरं, उद्यापासून चूल विहिरीत पेटवते."

"आणि डावा?"

"हा यंदाच्या चैत्रापासून. दूध पांढरं, पीठ पांढरं, मीठ पांढरं; आता तिन्ही एकच दिसतं. चाखून ओळखते. वैद्य म्हणतो, धूर आज थांबला तर राहील, नाहीतर जाईल." तिने लाकूड पुढे ढकलले. "आज काही थांबत नाही. साठ पानं आहेत."

पारखीबाई भिंत वाजवत पुढे सरकली. चुलीच्या वर एका जागी आवाज पोकळ आला. तिने पदराने काजळी पुसली. खाली सात दगड होते, इतर दगडांहून वेगळ्या रंगाचे, मागाहून बसवलेले.

"धुराडं आहे इथे," ती म्हणाली.

"आहे की. गवंड्यानं केलं होतं. शहाणा माणूस होता. वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी मालक बागेत उभे होते, आणि घुमटाच्या पुढून धूर गेला. म्हणाले, हे काय? रेघ मोडली घुमटाची. संध्याकाळच्या आत सात दगड लागले, आणि वरचं नळकांडंही पाडलं. गवंडी मला म्हणाला, बाई, दहा दिवस कळ काढा, मालकांना आपोआप कळेल." अनसाबाई हसली. "पण कळणार कसं? जेवण तर वेळेवर जात होतं."

तिने आणखी एक लाकूड चुलीत सारले. मग अनसाबाईने विचारले, "तुम्ही अशी किती घरं पाहिलीत बाई?"

"एकतीस."

"आणि चुली किती?"

 पारखीबाईला उत्तर ठाऊक होते: एकही नाही.

ती रागावली. आधी शेठवर, मग स्वतःवर, आणि त्या रागात तिने तेच केले जे शिकलेली माणसे रागात करतात: तिने कागद घेतला. दूध तापत होते तेवढ्यात तिने दोन ओळी लिहिल्या. पहिली: धुराडे उघडल्यास हवेलीची किंमत बारा हजार मोहरा. दुसरी: धुराडे बंद राहिल्यास आठ हजार. तिला वाटले, आता शेठ धावत जाऊन गवंड्याला आणेल. चार हजार मोहरांसाठी कोण सात दगड काढणार नाही?

बोळाच्या दारात शेठ आणि अत्तरवाला नाकावर रुमाल धरून उभे होते. तिने दोन्ही ओळी वाचून दाखवल्या.

अत्तरवाल्याचे डोळे चमकले. "म्हणजे बंद असेल तर आठ?"

"आठ."

"आणि दोष काय तो कागदावर स्पष्ट लिहिलाय? म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको, की व्यापाऱ्याला फसवलं."

"स्पष्ट लिहिला आहे."

"उत्तम! दोष मला माहीत आहे, मान्य आहे, सही करतो. बंदच राहू द्या." तो शेठकडे वळला. "अहो, मी हवेली घेतोय ती घुमटासाठी आणि कोऱ्या हवेसाठी. धुराडं उघडलंत तर मला ती फुकटही नको. आठ देतो, आजच्या आज देतो."

"आठ फार कमी होतात," शेठ म्हणाला.

"मग दुसरं गिऱ्हाईक पाहा. नऊ दिवस आहेत की."

शेठने एकदा घुमटाच्या दिशेने पाहिले, एकदा दसऱ्याच्या. मग त्याने हात पुढे केला आणि अत्तरवाल्याने त्यावर टाळी दिली. दोघेही प्रसन्न होते. एकाचे चार हजार वाचले होते, दुसऱ्याची घुमटाची रेघ वाचली होती. आणि व्यवहार पूर्णपणे प्रामाणिक होता. कोणी काही लपवले नव्हते. दोष उघड सांगितला गेला, मोजला गेला, लिहिला गेला, मान्य केला गेला. ज्या डोळ्यांबद्दल हे सगळे होते ते त्यांच्यापासून दहा हातांवर होते, आणि त्यांना कोणी काही विचारले नाही. मुलांना ही कथा सांगणारे इथे भराभर पुढे जातात. मी जाणार नाही. या जागी थांबून कोणाला राग येत नसेल, तर त्याला पुढची कथा सांगण्यात अर्थ नाही.

"पारखीबाई," आतून अनसाबाईने हाक मारली. "काय ठरलं? मला सगळं ऐकू नाही आलं. दूध बोलायला लागलंय."

पारखीबाई चुलीपाशी गेली आणि जे घडले ते तिने जसेच्या तसे सांगितले.

अनसाबाई ऐकत होती. तिचा कान पातेल्याकडे होता. "म्हणजे माझ्या डोळ्यापायी तुम्ही चार हजार कमी केलेत."

"हो."

"आणि ते चार हजार मिळाले कोणाला?"

पारखीबाईने मान खाली घातली. तिला वाटले होते आपण अन्यायाला शिक्षा केली. तिने त्याला सवलत दिली होती.

"माझी चूक झाली, अनसाबाई," ती म्हणाली.

"झाली खरी. तुमचं लिहिणं चांगलं आहे, पण ते विकत घेता येतं." अनसाबाईने चाचपून सांडशी उचलली. पातेल्यातला आवाज बदलला होता. तळाची गुणगुण थांबून वर साय सरसरू लागली होती. ती आणखी एक क्षण थांबली. दूध काठाला आले, फुगले, आता ओसंडणार एवढ्यात तिने पातेले चुलीवरून उचलले आणि जमिनीवर ठेवले.

साय हळूहळू खाली बसली.

"दूध उतू गेलं नाही," अनसाबाई मोठ्याने म्हणाली. बोळातल्या दोघांना ऐकू जावे एवढ्या मोठ्याने.

"हे काय चाललंय?" अत्तरवाला ओरडला. "ठेवा ते परत!"

शेठ आत धावला. त्या घरातल्या प्रत्येक दाराची उंची त्याच्या मापाची होती; या एका दाराची नव्हती. चौकट त्याच्या कपाळावर आदळली. तो कसाबसा आत आला, दोन पावले टाकली आणि खोकत भिंत धरून उभा राहिला. हात काळा झाला. अकरा वर्षांत आपल्याच घराच्या या खोलीत तो पहिल्यांदा आला होता.

"ठेव ते चुलीवर!" तो खोकत म्हणाला.

"हात माझा लागतो, मालक. तुमचा चालत नाही."

"उद्यापासून येऊ नकोस. दुसरी बाई आणतो."

"आणा की. बरंच होईल. मलाही जरा उजेड दिसेल."

शेठने पारखीबाईकडे पाहिले. पारखीबाईच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण ती जागची हलली नव्हती. तिने कागद भिंतीला टेकवला, दोन्ही ओळींवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिले: दूध उतू गेले नाही. किंमत नाही.

"दुसरी बाई आणा," ती म्हणाली. "ती या चुलीवर वर्षभर शिजवील. मग पुढच्या दसऱ्याला मला बोलवा. मी येईन, आणि इथेच उभी राहीन."

"पुढच्या दसऱ्याला? मला नऊ दिवसांत जायचे आहे!"

"मग मला सांगू नका. ज्यांच्या हाती आहे त्यांना विचारा."

शेठ अनसाबाईकडे वळला. अकरा वर्षे तिने त्याच्यासाठी शिजवले होते, आणि तिला हाक कशी मारायची ते त्याला ठाऊक नव्हते. टाळी वाजवून तिला बोलावता येत असे. आता ती समोरच उभी होती. शेवटी तो म्हणाला, "बाई, तुम्हाला काय हवे आहे? दागिना? शेत?"

"सात दगड," अनसाबाई म्हणाली.

"घुमट काळा पडेल."

"पडेल. मग लोकांना कळेल, की या घरात माणसं जेवतात."

अत्तरवाला बोळातूनच मागे फिरला. जाता जाता तो म्हणाला, "मला ही हवेली नको. एका स्वयंपाकिणीपायी मोडलेला सौदा मी आजवर पाहिला नव्हता." त्याचे म्हणणे खरे होते. कोणीच पाहिला नव्हता, कारण कोणी आत जाऊन पाहतच नव्हते.

पण मुद्रेवाचून हवेली दुसऱ्या कोणालाही विकता येणार नव्हती, म्हणून शेठने गवंड्याला बोलावणे पाठवले. तो म्हातारा झाला होता. त्याने काजळीतून सात दगड बरोबर ओळखले. त्यानेच बसवले होते ते. तो अनसाबाईला म्हणाला, "मी दहा दिवस म्हटलं होतं ना हो?" त्याने छिन्नी लावली. अनसाबाई प्रत्येक दगड पडल्याचा आवाज मोजत होती. चौथा पडल्यावर शेठ बाहेरून म्हणाला, "पुरे, एवढ्याने भागेल." ती म्हणाली, "सात."

सातवा दगड निघाला, आणि खोलीतला धूर क्षणभर घुटमळला, जणू वाट विसरला होता. मग तो वळला आणि वर गेला. छताखालची तुळई दिसली. कोनाडा दिसला. पारखीबाईला समोरच्या बाईचा चेहरा पहिल्यांदा नीट दिसला. बाहेर घुमटाच्या पुढून एक राखाडी रेघ आकाशात चढली, आणि रस्त्यावर लोक थांबून पाहू लागले, की शेठच्या हवेलीला आग लागली की काय.

सात दगड काढायला जेवणाची पाने वाढायला लागतो तेवढा वेळ लागला. ते अकरा वर्षे तिथे होते. या दोन वाक्यांच्या मध्ये जे आहे, त्यासाठी मला कुठलाही सौम्य शब्द सापडलेला नाही, आणि मी तो शोधतही नाही.

दुसऱ्या दिवशी अनसाबाईने पुन्हा दूध ठेवले. ते उतू गेले, चुलीवरून ओघळले, चरचरले. पारखीबाईने तिथेच, चुलीपाशी उभे राहून, एकच किंमत लिहिली आणि मुद्रा उठवली. हवेली पुढे कोणी घेतली आणि कितीला, यावर सांगणाऱ्यांचे एकमत नाही. मला त्यात फारसा रस नाही. शेठला पश्चात्ताप झाला असेही काही जण सांगतात. त्याला दसऱ्याला पोचायचे होते, एवढेच निश्चित आहे. पारखीबाई मात्र आपल्या जुन्या एकतीस घरांच्या मागच्या दारांनी एकामागून एक आत गेली, आणि त्या नगरातल्या चांदीच्या शेगड्या हळूहळू देवघरात धूप घालण्याच्या कामाला लागल्या.

या कथेचे तात्पर्य असे: दुसऱ्याच्या हानीला किंमत लावून दिली की ती हानी विकत घेणारा कोणीतरी निघतोच, म्हणून हानी मोजत बसू नये, ती आधी थांबवावी, आणि थांबली की नाही हे जिला सोसावे लागते तिलाच विचारावे.

मुले इथे विचारतात, "मग अनसाबाईचा डोळा राहिला का?" उजवा गेला होता, तो परत आला नाही. डाव्याबद्दल वैद्य म्हणाला होता, की आज धूर थांबला तर राहील. पण तो हे चैत्रात म्हणाला होता, आणि दगड निघाले आश्विनात. त्यानंतर तिला दूध आणि पीठ वेगवेगळे दिसू लागले की नाही, हे हवेलीच्या कागदांत नाही, पारखीबाईच्या टिपणांत नाही, आणि ही कथा सांगणाऱ्यांपैकी कोणीही ते विचारून ठेवलेले नाही.